जुन्या गाडीचं आतलं काम घरच्या घरी: दरवाज्याची पॅडं, छत आणि सीटा

आमच्या १९९८ च्या मारुती ८०० चं छत पहिल्यांदा मीच चिकटवलं होतं. पौषातली थंडी होती, सुतारकामातून उरलेला पांढरा डिंक घरात होता, तोच वापरला. चार महिने कुठे सुरकुती नाही. वैशाखात आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, बहिणीला आणायला चोपड्याला गेलो. गाडी दोन-अडीच तास उन्हात उभी राहिली. परत निघालो आणि तापीचा पूल यायच्या आत अख्खं कापड अलगद तिच्या डोक्यावर येऊन बसलं. "हाऊ पदर कोनकरता रे भाऊ?" एवढंच ती म्हणाली आणि धुळं येईपर्यंत एका हातानं छत धरून बसली.

दोष डिंकाचा नव्हता, माझा होता. लाकडाचा पांढरा डिंक उष्णतेनं पुन्हा मऊ पडतो. कपाट सावलीत असतं म्हणून तिथे तो चालतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीतली हवा ६० अंशांच्या आसपास पोचते आणि छताचा पत्रा तर हात लावू देत नाही. खाली जे सांगतोय ते या उन्हाचा हिशोब धरून आहे. नंतर तीच गाडी मी दारापासून सीटांपर्यंत उसवून पुन्हा केली, आणि रावेरच्या मामांची ओम्नीही.

सुरुवात मागच्या दारापासून

सगळ्यात फाटकी असते ती ड्रायव्हरची सीट, म्हणून लोक तिथूनच हात घालतात. तसं करू नका. डाव्या बाजूचं मागचं दार घ्या. तिथे शिलाई नसते, चूक झाली तरी कोणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि रेक्झीन किती ताणायचं, डिंक किती वेळ वाळू द्यायचा हे हाताला कळतं. मग बाकीची दारं, मग छत, आणि सीटा शेवटी.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी तीन. उन्हानं रेक्झीन मऊ पडतं, पण डिंक ब्रशवरच वाळत नाही. मे महिन्यात दुसरं टोक लावेपर्यंत पहिलं टोक कोरडंठाक होतं. शिवाय तापलेलं रेक्झीन हातात रबरासारखं ताणलं जातं. आपण खूश होऊन ओढतो आणि थंडीत ते आकसून कडेनं सुटायला लागतं. पावसाळ्यात वेगळीच अडचण असते. डिंकातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि चिकटपणा मरतो. श्रावणात हे काम करायचंच नाही.

कापड आणि डिंक

दारांना रेक्झीनच बरं. धूळ ओल्या फडक्यानं निघते. सीटांना मात्र नुसतं काळं रेक्झीन घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी एकदा त्यावर बसून बघा म्हणजे कारण सांगावं लागणार नाही. बसायचा आणि पाठ टेकायचा मधला भाग कापडाचा, कडा आणि मागची बाजू रेक्झीनची, रंग राखाडी किंवा फिकट तपकिरी, ही जोडी आपल्या हवेला मानवते. कापड गाडीसाठीचंच घ्यावं, पाठीला पातळ फोम चिकटवलेलं. सोफ्याचं कापड स्वस्त पडतं, पण उन्हात लवकर विटतं. याला अपवाद शेतकऱ्याच्या गाडीचा. मामांच्या ओम्नीत केळीचे घड जातात, आणि केळीचा चीक कापडाला एकदा लागला की तो काळपट डाग कुठल्या साबणाला दाद देत नाही. तिथे मी सगळं रेक्झीनचं केलं आणि वर टॉवेल टाकायला सांगितलं.

रेक्झीनचा पन्हा बहुतेक ५४ इंचांचा असतो. लहान गाडीच्या चारही दारांना सव्वादोन मीटर पुरतं, दोन पुढच्या सीटा आणि मागचं बाकडं यांना मिळून पाच ते सहा मीटर. सगळं एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्या. दुसऱ्या ताग्याची छटा थोडी तरी वेगळी निघतेच. विकत घेण्याआधी तुकडा दुमडून नखानं दाबा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर तो माल नको.

डिंक सिंथेटिक रबराचा. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'एसआर' म्हटलं तरी डबा पुढे येतो. डब्यावर तो किती उष्णता सोसतो ते वाचून घ्या. तो दोन्ही बाजूंना लावायचा, बोट लावलं तर चिकट वाटेल पण बोटाला येणार नाही इतका वाळू द्यायचा आणि मगच जोडायचं. हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं लागतात, उन्हाळ्यात तीन-चार. ओला असताना जोडला तर आतला द्रव अडकतो आणि उन्हात फुगे येतात. हा डिंक पटकन पेट घेतो आणि त्याच्या वाफेनं डोकं जड होतं. काम अंगणात करा. जवळ बिडी नको, देव्हाऱ्यातला दिवा नको, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळची खोली तर मुळीच नको. सांडलेला डिंक पुसायला पेट्रोल घेणारे मी पाहिलेत, ते तर आगीला आवतण. थिनरनं डॅशबोर्डचं प्लास्टिक विरघळतं. थोडं वाळू देऊन अंगठ्यानं चोळलं की डिंकाच्या गोळ्या होऊन निघतात.

बाकी सामान घरातलंच: चांगली कात्री, कटर, पकड, दाभण, शिंप्याचा खडू, कागदी टेप, जुनी कॅलेंडरं आणि कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे.

दरवाज्याचं पॅड

आधी काच पूर्ण वर करा. हात टेकायच्या दांडीचे स्क्रू बहुतेक वेळा प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेले असतात. आतून दार उघडायच्या खटक्याभोवतीची चौकट काढा. काच फिरवायच्या हँडलपाशी मात्र लोक अडतात. त्याला वरून स्क्रू दिसत नाही, म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि हँडल मोडतं. हँडल आणि त्यामागची प्लास्टिकची चकती यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घाला आणि बूट पॉलिश करतात तशी दोन्ही टोकांनी खालीवर ओढा. आत घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते, ती कापडात अडकून टणकन बाहेर उडते. खाली चादर अंथरलेली नसेल तर ती पुन्हा सापडत नाही. माझी पहिली क्लिप अजून अंगणातल्या तुळशीच्या आसपास कुठेतरी असावी.

आता पॅडाच्या कडेनं बोटं फिरवा. जिथे ते घट्ट वाटतं तिथे मागे क्लिप आहे. रुंद पात्याचं हत्यार, नाहीतर लाकडी उलथनं, क्लिपेच्या अगदी शेजारी सरकवून उचला. दोन क्लिपांच्या मधे जोर दिला तर पुठ्ठा फाटतो. एक-दोन क्लिपा तुटणारच. नमुना दाखवून दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण क्लिपा, हँडलं आणि रबरं अजून मिळतात.

पॅडामागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल, निदान त्याच्या चिंध्या तरी. बहुतेक जण तो फेकून देतात. पॅड कुजायचं खरं कारण मात्र तो नसणं हेच. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, ते तसं उतरणारच. कागद शाबूत असला तर पाणी आतल्या आत खाली जाऊन दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जातं. कागद फाटला की तेच पाणी पुठ्ठ्यावर येतं. शिवाय आपल्याकडची काळी माती धुळीच्या रूपानं त्या भोकांत बसते आणि पावसात तिची पुटिंग होते. सायकलच्या जुन्या आरीनं भोकं मोकळी करा, बाटलीभर पाणी आत ओतून ते खाली निघतं का बघा, गंज असेल तर घासून रंगाचा हात द्या. मग जाड पॉलिथिनचा नवा कागद कापून चारही कडांनी नीट चिकटवा आणि खालचं टोक दाराच्या पोटात सोडा. हे न करता वर कितीही भारी रेक्झीन लावलं तरी तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम काढावं लागेल.

पुठ्ठा खालून फुगला असेल तर त्याचा मोह सोडा. जुना पुठ्ठा ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीनं गिरवा, प्रत्येक भोक गिरवा, मग कापा. मागच्या बाजूला आणि कडांना तेलरंगाचे दोन हात द्या. कडा विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं.

पुठ्ठ्यावर ५ मिलिमीटरचा फोम पातळ डिंकानं चिकटवा. रेक्झीन चारी बाजूंनी एक इंच जास्त ठेवून कापा, दहा मिनिटं उन्हात टाका आणि पालथं करून त्यावर पॅड ठेवा. आधी एका लांब बाजूच्या मध्यावर दुमडून चिकटवा, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन. तिथून कोपऱ्यांकडे सरका. एकीकडून सुरू करून ओढत गेलात तर दुसऱ्या टोकाला सुरकुत्यांचा ढीग जमतो. बाहेरच्या वळणावर दुमडीतून छोटे त्रिकोण कापून काढायचे, आतल्या वळणावर नुसते सरळ काप द्यायचे. काप कडेच्या ३ मिलिमीटर अलीकडे थांबवायचा. मधल्या भागात रेक्झीनला डिंक लावायची गरज नाही. तो नुसता ताणावर छान बसतो आणि हात लावला की मऊ लागतो. कडांवर रात्रभर वजन ठेवा. आमच्याकडे गव्हाचं पोतं होतं.

काच फिरवायच्या दांडीसाठी भोक अगदी शेवटी पाडा, आणि तेही नुसता छोटा फुलीसारखा काप. गोल कापायला गेलात तर ते चकतीच्या बाहेर हमखास डोकावतं.

छत

छतं दोन जातींची. एकात पत्र्याखाली आडव्या तारा असतात आणि रेक्झीनचं अस्तर त्या तारांना टांगलेलं असतं. दुसऱ्यात दाबलेल्या पुठ्ठ्याचा आकार असतो आणि त्यावर फोम लावलेलं कापड. तुमचं कुठलं आहे ते आतला दिवा काढला की भोकातून दिसतं.

पुठ्ठ्याचं असेल तर ऊन टाळणारे फ्लॅप, दिवा, पकडायच्या मुठी, दारांची रबरं, खांबांवरची प्लास्टिकं हे सगळं काढून दोघांनी मिळून पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर काढायचा. एकट्यानं काढाल तर तो मधे मोडेल, आणि मोडलेल्या पुठ्ठ्याची रेघ नव्या कापडातून कायम दिसत राहते. जुनं कापड सहज सुटून येईल. मागे राहील तो फोमचा पिवळा भुगा. कापड लोंबायचं कारणच हा भुगा आहे: डिंक जागेवर राहतो, कापड शाबूत राहतं, मधला फोम उन्हानं आणि दमटपणानं विरतो. म्हणून टाचण्या, स्टेपल, सुईनं डिंक सोडणं हे सगळे उपाय फुकट जातात. तोंडाला फडकं बांधून नायलॉनच्या ब्रशनं तो भुगा पूर्ण काढा. अंगठा फिरवल्यावर पिवळं लागणार नाही इथपर्यंत. या कामाला चिकटवण्याच्या दुप्पट वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा.

नवं कापड पुठ्ठ्यावर ठेवून अर्धं मागे उलटा. उघड्या भागाला आणि कापडाच्या पाठीला डिंक, वाळवणं, मग मधून कडेकडे तळहातानं बसवत जाणं, खोलगट जागी आधी. मग दुसरं अर्धं. डिंक ब्रशनं जाड लावला तर तो फोममधून वर येऊन डाग पडतो; पातळ दोन हात चांगले.

तारांचं छत असेल तर तार काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी टेप लावून क्रमांक लिहा आणि ती कुठल्या भोकात होती तेही लिहा. तारा सारख्या दिसतात, सारख्या नसतात. प्रत्येकीचा बाक वेगळा. नवं अस्तर जुन्याच्या मापानं शिवायचं, तारा नेफ्यांत घालायच्या, मधोमध खडूची रेघ मारायची. ती रेघ गाडीच्या मध्यावर पुढून मागे सरळ बसवून मग कडा चिमट्यांनी तात्पुरत्या पकडायच्या. गाडी तासभर उन्हात ठेवा, सैल पडलं की पुन्हा ओढा. असं दोनदा झालं की मगच डिंक.

सीटा

आधी एक बंधन. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती सीट घरी उघडू नका. फुगा बाहेर यायची शिवण ठरलेल्या जागी फाटावी अशीच केलेली असते. सीटबेल्टला सुई, रंग, डिंक काही लावायचं नाही. आणि आतलं कापड बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, पण सीटांची संख्या किंवा मांडणी बदलली तर नोंदणी पुस्तकाशी मेळ राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथे आडवं येतं.

सीट जमिनीला चार बोल्टांनी धरलेली असते, १२ किंवा १४ चा पाना लागतो. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. डोकं गोल झालेला बोल्ट काढताना अर्धा दिवस जातो. सीट निघाली की खालची जमीन बघून घ्या. गालिच्याखाली ओल असेल तर आधी ती निस्तरा. याच सीटखाली मला चार आणे, एक बांगडी आणि भावाची दहावीची पेन्सिल मिळाली.

सीट उलटी करा आणि काहीही कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कव्हर जाड तारेच्या कड्यांनी चौकटीला आणि स्प्रिंगांना अडकवलेलं असतं. कड्या पकडीनं कापा. कव्हराच्या उलट बाजूला नाडीच्या नेफ्यासारख्या पट्ट्या असतात आणि त्यांत तारा. सीटच्या मधली खोल रेघ त्यांनीच येते. त्या तारा सरळ करून जपून ठेवा, नव्या कव्हरात त्याच जाणार आहेत.

जुनं कव्हर हाच तुमचा फर्मा, म्हणून ते फाडू नका. उसवण्याआधी प्रत्येक शिवणीला आडव्या खडूच्या रेघा मारा, दर चार बोटांवर एक, आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व वर-खाली लिहा. मग ब्लेडनं एकेक टाका सोडवा. तुकडे कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून गिरवा, आडव्या खुणांसकट. बसायचा तुकडा वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असतो, म्हणून त्याचं माप कव्हरावरून न घेता फोम दुरुस्त केल्यावर फोमवरूनच घ्यावं. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच सोडा.

फोमचं काम कव्हराइतकंच महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबून गेलेली असते, कारण उतरताना आपण तिच्यावर घसरतो. तेवढाच भाग लांब पात्याच्या सुरीनं सपाट कापून नवा तुकडा चिकटवा आणि कडा घासून उतरत्या करा. बसायला ४० डेन्सिटीचा, पाठीला ३२ चा. फार जुन्या गाड्यांत फोमऐवजी नारळाच्या काथ्याची गादी निघते. ती चांगली असेल तर ठेवा, वर अर्धा इंच फोम घाला. स्प्रिंगांवर नवं गोणपाट अंथरायचंच, नाहीतर स्प्रिंगा फोमला खालून कुरतडतात. घरात कापूस आहे म्हणून तो भरायची कल्पना खानदेशात कोणालाही सुचेल. मामांना सुचलीच होती. कापसाच्या महिनाभरात गुठळ्या होतात आणि तो ओल धरतो.

आता शिवण. घरच्या मशीनवर १८ नंबरची सुई, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा, टाका ४ मिलिमीटरचा, एवढं केलं तर रेक्झीनचे दोन थर शिवले जातात. सुती दोरा घामानं कुजतो. रेक्झीन मशीनच्या पायाला चिकटून अडकत असेल तर वर कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून टाका. टाचण्या लावू नका. रेक्झीनला पडलेलं भोक बुजत नाही, चिमटे वापरा. पण पायपिंग असलेल्या जागी चार-चार थर येतात आणि घरची मशीन तिथे कण्हायला लागते. माझं मत स्पष्ट आहे: कापणी स्वतः करा, खुणा जुळवून चिमटे लावा आणि पायपिंगच्या शिवणी कुशनवाल्याकडून किंवा बॅगा शिवणाऱ्याकडून मारून घ्या. तयार कापलेले तुकडे नुसते शिवायला तो फार घेत नाही. मी हट्टानं घरीच शिवायला गेलो आणि आईच्या मशीनचा पट्टा तोडला. त्यावरचं बोलणं अजून चालू आहे.

कव्हर चढवताना फोमवर पातळ पॉलिथिनची पिशवी घाला म्हणजे कापड सरकतं, बसल्यावर पिशवी ओढून काढा. मधल्या तारा आधी अडकवा, मग पुढची कड, मग मागची, बाजू शेवटी. कड्यांऐवजी नायलॉनचे टाय चालतात आणि ते हळूहळू आवळता येतात, हा फायदाच. थोड्या सुरकुत्या राहतील. दोन दुपारी गाडी उन्हात उभी करा, बऱ्याचशा आपोआप जातील.

सीट बसवताना चारही बोल्ट आधी हातानं लावा, सीट पुढे-मागे सरकवून रुळावर अडत नाही ना बघा आणि मगच पान्यानं आवळा. बेल्टच्या बोल्टाखालचे वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. शेवटी पाठीला दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या; खडखडाट आला तर गाडी बाहेर काढू नका.

डिंकाचा वास आठवडाभर राहतो, तोवर काचा बोटभर उघड्या ठेवा आणि लहान मुलांना लांबच्या प्रवासाला नेऊ नका. उरलेलं रेक्झीन घडी न घालता गुंडाळून ठेवा, घडीवर ते तडकतं. कागदी फर्मेही ठेवा. आमचे सध्या पारोळ्यात आहेत, एका मित्राच्या ८०० साठी. आमच्या गाडीच्या नव्या सीटवर नानांनी पहिल्याच दिवशी जुना टॉवेल अंथरला, त्यामुळे मधल्या भागाला मी कुठल्या रंगाचं कापड लावलंय ते अजून कोणी पाहिलेलं नाही.